हवा भरणारा पशुवैद्य

मराठी घरांत डनलॉप हे नाव शिरले ते गादीच्या वाटेने. पिंजाऱ्याला बोलावून दरसाल कापूस पिंजून घ्यायचे दिवस मागे पडू लागले, तेव्हा ज्याच्या घरी डनलॉपची गादी आली त्याच्याकडे आळीतली माणसे मुद्दाम बसायला जात. पुढे कुठल्याही कंपनीची, कुठल्याही मऊ फेसाची गादी असली तरी ती डनलॉपचीच म्हटली जाऊ लागली. सायकलवाल्यांचा डनलॉप वेगळा. तो टायरवर उठावाच्या अक्षरांत असे, आणि नव्या टायरवरची ती अक्षरे झिजू नयेत म्हणून जपून सायकल चालवणारे महाभागही आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील.

डनलॉप नावाचा एक माणूस होता, आणि गादीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. रबराच्या फेसाची ती गादी त्याच्या नावाच्या कंपनीने १९२९ साली काढली. तो वारला १९२१ साली. टायरच्या त्या कंपनीशीसुद्धा त्याचा संबंध सुटून तोवर पाव शतक झाले होते. कारखानदारी त्याचा पेशा नव्हता, तो इंजिनिअरही नव्हता. जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता.

स्कॉटलंडच्या एअरशायर भागातल्या ड्रेगहॉर्न या खेड्यात ५ फेब्रुवारी १८४० रोजी एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तो सातमासी होता असे त्याला लहानपणी सांगण्यात आले आणि ते त्याने इतके मनावर घेतले की आपली प्रकृती नाजूक आहे हे तो जन्मभर धरून चालला. थंडी-वाऱ्याला जपणे, धकाधकीपासून दूर राहणे असा त्याचा खाक्या. गंमत अशी की ऐंशी वर्षे उलटेपर्यंत त्याला दुखणे म्हणावे असे दुखणे आले नाही. आपल्याकडेही अशी प्रकृतीला जपणारी माणसे भावकीतल्या सगळ्या पहिलवानांना खांदा देऊन मागे उरतात!

एडिंबरात पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्याने तिथेच काही वर्षे काम केले आणि १८६७ साली समुद्र ओलांडून तो उत्तर आयर्लंडमध्ये आला. आधी भावाबरोबर डाउनपॅट्रिक या गावी, मग बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर त्याने दवाखाना थाटला. ते दिवस घोड्यांचे. ट्राम ओढायला घोडा, गोदीतला माल वाहायला घोडा, डॉक्टरच्या बग्गीला घोडा. त्यामुळे घोड्याच्या डॉक्टरला मरण नव्हते. डनलॉपचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला. मार्गारेट ही पत्नी, एक मुलगी, एक मुलगा, लांब दाढी आणि चाळिशी ओलांडलेले स्थिर आयुष्य. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे उत्तम खातेदाराचे वर्णन झाले. असल्या माणसाकडून जग बदलण्याची अपेक्षा कुणी करत नाही.

मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांवर त्या काळच्या रीतीप्रमाणे भरीव रबराची पट्टी. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे, त्यामुळे पोराची हाडे खिळखिळी होत. दवाखान्यात लागणारी रबराची किरकोळ साधने डनलॉप स्वतः बनवत असे, म्हणून रबर कसे कापावे, कसे चिकटवावे हे त्याच्या हाताला ठाऊक होते. घोड्याच्या खुरावर आणि सांध्यावर खडबडीत रस्त्याचा दणका कसा बसतो, हेही तो रोज पाहत होता. या दोन गोष्टी १८८७ च्या ऑक्टोबरात त्याच्या डोक्यात एकत्र आल्या.

त्याने लाकडाची एक मोठी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली, वरून कापड ताणून खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचे नेहमीचे चाक आणि ही हवेची चकती घेऊन तो घरामागच्या अंगणात गेला. दोन्ही त्याने जमिनीवरून गडगडत सोडली. सायकलचे चाक अंगण पार करण्याआधीच कलंडले. हवेचे चाक पलीकडच्या टोकापर्यंत गेले, फाटकाच्या खांबावर आपटले आणि उसळून परत आले.

प्रयोग एवढाच. त्याला ना यंत्र लागले ना प्रयोगशाळा. पण परीक्षा म्हणून पाहिले तर ती किती शहाणपणाने रचली होती! जमीन तीच, हात तोच, आणि फरक फक्त ज्याची परीक्षा घ्यायची त्याचाच. भरीव चाकापुढे खडा आला की सगळे चाक, सगळी गाडी आणि गाडीतला माणूस तेवढ्या उंचीवर उचलावा लागतो. त्यात जी शक्ती जाते ती गेलीच. हवेच्या चाकात तो खडा तेवढ्यापुरता आत शिरतो, हवा दबते, आणि खडा मागे पडला की हवा आपले देणे बरेचसे परत करते. आरामासाठी म्हणून केलेले चाक वेगाचेही निघाले ते यामुळे. आराम हवा असेल तर वेग सोडावा लागेल, अशी तोवरची समजूत होती.

२८ फेब्रुवारी १८८८ रोजी जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांवर हवेचे टायर चढले. २३ जुलैला पेटंटचा अर्ज गेला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. एडलिन नावाच्या बेलफास्टच्या सायकलवाल्याशी त्याने संधान बांधले आणि थोड्या सायकली बनू लागल्या. लोक त्यांच्या जाड्या चाकांना हसले. त्या काळी सायकलचे चाक बारीक, सडपातळ असे. त्याच्या जागी हे फुगलेले वेटोळे पाहून हसू येणे साहजिक होते.

हसणे थांबले ते १८ मे १८८९ या दिवशी. बेलफास्टमध्ये क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धा होत्या. विल्यम ह्यूम नावाचा एक सायकलपटू त्यात उतरला. तो बेलफास्टच्या एका क्लबाचा कर्णधार होता, पण आघाडीचा स्पर्धक म्हणून काही त्याचे नाव नव्हते. डनलॉपच्या टायरची सायकल विकत घेणारा तो पहिला गिऱ्हाईक. डनलॉपने त्याला ती घेऊन शर्यतीत उतरायला सुचवले. त्या दिवशी सायकलच्या चार शर्यती होत्या आणि चारही ह्यूमने जिंकल्या. नंतर तो लिव्हरपूलला गेला आणि तिथेही एक सोडून सगळ्या जिंकून आला. टायरची परीक्षा शर्यतीच्या मैदानावर घ्यायची ही रीत तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

तिचे आजचे रूप नवी मुंबईत माझ्या शेजारीच पाहायला मिळते. आमच्या नेरूळच्या सोसायटीतला एक मुलगा ऐरोलीच्या कंपनीत संगणकाचे काम करतो. पाम बीच रस्त्यावर रात्री गाड्या पिटाळणाऱ्या टोळक्यांतला तो नव्हे, हे आधीच सांगतो. उलट त्या टोळक्यांचा त्याला मनस्वी राग आहे. रस्ता सगळ्यांचा, वेग करायचा तर त्यासाठी बांधलेल्या ट्रॅकवर जाऊन करावा, असे त्याचे मत. वर्षातून एक-दोनदा तो कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो. तिथे पैसे भरले की आपली स्वतःची गाडी दिवसभर ठराविक वेळांत चालवू देतात. पहिल्या नंबराचे बक्षीस नाही, समोरून ट्रक नाही, बैल नाही. त्याच्या गाडीसाठी टायरचा दुसरा संच आहे आणि तो गॅलरीत, आईच्या तुळशीशेजारी रचून ठेवलेला असतो. माउलीने काय काय सोसावे!

या मुलाची एक वही आहे. काका, बघा, म्हणून त्याने ती मला दाखवली आणि निवृत्त बँकवाल्याला तीत आवडण्यासारखे पुष्कळ होते. दोन बनावटींचे टायर तोलायचे तर तो तीन वेळा गाडी काढतो: आधी पहिला संच, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला. कारण दिवस चढतो तसा ट्रॅक तापतो, आधीच्या गाड्यांचे रबर त्याला चिकटून तो जास्त पकड देऊ लागतो, आणि चालवणाऱ्याचा हातही सरावतो. पहिला संच परत चढवल्यावर त्याचाच वेळ सकाळपेक्षा सुधारलेला दिसला, तर तेवढी सुधारणा दुसऱ्या संचाच्या खात्यातून वजा करायची. याला आम्ही ताळमेळ घालणे म्हणत असू. बाजारात कितीतरी मते हा ताळमेळ न घालताच दिली जातात. नवे टायर घातले आणि गाडी पळाली, एवढ्यावर लोक खूश.

मग हवा. रस्त्यावर आपण पंपवाल्याला बत्तीस ठेव म्हणून सांगतो आणि विसरतो. ट्रॅकवर चार फेऱ्यांत टायर तापतो, आतली हवा तापते आणि दाब पाच-सात पौंडांनी सहज चढतो. म्हणून हा मुलगा थंड टायरमध्ये मुद्दाम कमी हवा भरतो आणि गाडी आत आली की लगेच पुन्हा मोजतो. त्याच वेळी सुईच्या तापमापकाने टायरच्या रुंदीवर आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी रबराचे तापमान घेतो. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त झाली, दोन्ही कडा तापल्या तर कमी पडली, आणि एकटी बाहेरची कड तापली तर वळणावर चाक बाहेरच्या अंगावर रेलते आहे, त्याचा कल बदलायला हवा. वहीतल्या रकान्यांत हे सगळे लिहिलेले. टायरच्या बाजूवर झीज दाखवणारा एक आकडा कोरलेला असतो. नेहमीच्या गाडीच्या टायरवर तो तीनशे-चारशे किंवा त्याहून वर, ट्रॅकच्या टायरवर दोनशे किंवा कमी. आकडा लहान तितके रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य थोडे. मात्र हा आकडा ज्याची त्याची कंपनी आपल्यापुरता ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे दोनशे आणि दुसरीचे दोनशे सारखेच असतील याची खात्री नाही. टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला हेही चार आकड्यांत लिहिलेले असते. शेवटचे दोन आकडे वर्षाचे. जुना, कडक झालेला टायर नव्या नक्षीसकट विकला जातो, म्हणून ते घेण्याआधी पाहावे. हा सल्ला ट्रॅकवर जाणाऱ्यांइतकाच दर रविवारी देवदर्शनाला जाणाऱ्यांसाठीही आहे.

त्या वहीत मला सर्वांत विचारात पाडले ते असे. डनलॉपच्या अंगणात जे चाक जास्त लांब गेले ते जिंकले, कारण त्याने शक्ती कमी गमावली. ट्रॅकच्या टायरचे नेमके उलटे असते. रस्त्याच्या बारीक खडबडीत रबर दबते, सुटते आणि त्यात जी शक्ती उष्णता होऊन जाते, तिच्यातूनच पकडीचा बराचसा भाग येतो. शक्ती गमावणारे रबर वळणावर धरून ठेवते. तोच टायर डनलॉपच्या अंगणात गडगडत सोडला असता तर खांबापर्यंत बहुधा पोचलाच नसता. शिवाय त्याच्यावर खाचा कमी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर पाणी बाहेर फेकायला वाट नाही, म्हणजे गाडी पाण्यावर तरंगणार. जूनमध्ये तुर्भ्याच्या पुलाखालून असले टायर घालून जाणारा शूर नव्हे. म्हणून हा मुलगा त्या टायरवर घरापासून ट्रॅकपर्यंत जातच नाही. ते गाडीत मागे भरून नेतो आणि तिथे बदलतो.

ह्यूमच्या त्या शर्यतीत हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वे डू क्रो या गृहस्थाची मुले होती. डू क्रो कागदाच्या धंद्यातला, मुष्टियुद्धापासून तलवारबाजीपर्यंत सगळे खेळ खेळलेला आणि आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष. हरलेल्या मुलाचा बाप सहसा पंचांना दोष देतो. याने जिंकणाऱ्याची चाके पाहिली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये बूथ नावाच्या सायकल व्यापाऱ्याचा धंदा आत घेऊन एक कंपनी निघाली. सूत्रे डू क्रोकडे, आणि डनलॉपने आपले पेटंट कंपनीच्या हवाली करून बदल्यात १,५०० शेअर घेतले.

कंपनी उभी राहते न राहते तोच वीज पडली. पेटंट कचेरीने कळवले की डनलॉपचे पेटंट ग्राह्य नाही. हवेच्या टायरची कल्पना आधीच नोंदलेली आहे. कुणी? रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने, आणि कधी? १८४५ साली! म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना.

या थॉमसनची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. रबर लावलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचे कवच आणि आत हवा, असे चाक त्याने वयाच्या तेविसाव्या वर्षी नोंदवले. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्या चाकांची बग्गी लोकांसमोर चालवून दाखवली. एक संच तर १,२०० मैल चालला. पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती. बग्गीच्या श्रीमंत मालकाला घोड्याचे श्रम वाचवण्याची निकड नव्हती, आणि पातळ, चांगले रबर महाग होते. कल्पना कपाटात गेली. थॉमसन पुढे जावा बेटावर साखर कारखान्याची यंत्रे उभारत होता. तिथून तो एडिंबरात परतला, तेव्हा त्याच शहरात तरुण डनलॉप घोडे तपासत होता. दोघांची गाठ पडल्याची नोंद नाही. आयुष्याच्या शेवटी थॉमसनने भरीव रबराच्या जाड चाकांची वाफेवरची गाडी बनवली आणि तिचा आपल्या देशाशी संबंध आला. क्रॉम्प्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७० नंतरच्या काही वर्षांत थॉमसनच्या बनावटीच्या गाड्या हिंदुस्थानात आणून उत्तरेकडे रस्त्यावर चालवून पाहिल्या. हाच क्रॉम्प्टन पुढे विजेच्या धंद्यात गेला, आणि कांजूरमार्गच्या कारखान्यावर व आपल्या घरातल्या पंख्यांवर जे नाव आपण वाचत आलो ते त्याचेच. थॉमसन १८७३ साली वारला. आपल्या कपाटातल्या कागदाने पुढे काय उत्पात केला, हे पाहायला तो उरला नव्हता.

पेटंट गेले म्हणजे तारण गेले. माझ्या नोकरीच्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी छोटे कारखानदार कर्ज मागायला येत, त्यात गुळगुळीत झालेल्या टायरवर नवे रबर चढवणारेही असत. त्यांच्यापाशी ना जागा स्वतःची, ना यंत्रांना फारशी किंमत. कागदावर पाहिले तर कर्ज नाकारावे. पण वाशीच्या बाजारातले ट्रकवाले त्या माणसाच्या दारात रांग लावून उभे आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिले की मत बदले. डू क्रोचे डोके असेच चालले. कायद्याने हक्क गेला तरी सायकलवाल्यांना हवेचे टायर हवे आहेत ही गोष्ट कुठलीही कचेरी रद्द करू शकत नव्हती. प्रश्न एवढाच होता की ते विकण्यासाठी दुसरे कुठले कागद हाताशी धरावेत.

डनलॉपच्या मूळ टायरमध्ये मोठी खोड होती. तो चाकावर कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर झाले की सगळे उकलून पुन्हा चिकटवण्यात दिवस जाई. १८९० साली वेल्च नावाच्या माणसाने कडेत तार घालून चाकाच्या खाचेत बसवता येणारा टायर काढला, आणि त्याच वर्षी बार्टलेटने कडा अडकवण्याची दुसरी तऱ्हा. ही पेटंटे कंपनीने विकत घेतली. आज आपल्या मोटारीचा टायर रिमवर बसतो तो वेल्चच्या तत्त्वावर. आणि सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये ती बोटभरही नसलेली रबरी नळी आठवते का, जी गेली की सायकल हातात धरून दुकानापर्यंत चालत जावे लागे? तो व्हॉल्व्ह वुड्स नावाच्या माणसाचा. पण परदेशात त्यालाही डनलॉप व्हॉल्व्हच म्हणतात. दुसऱ्याचे श्रेय जमा होण्याच्या बाबतीत डनलॉपचे नाव मोठे नशीबवान. माणसाचे मात्र तसे नव्हते.

डब्लिनच्या नागरिकांनी रबराच्या आणि द्रावणाच्या वासाबद्दल तक्रार केल्यावर कारखाना इंग्लंडात कॉव्हेंट्रीला हलला. पैसा आणि मनुष्यबळ वाढले, तसे डनलॉप आणि डू क्रो यांचे सूर बेसूर होत गेले. अंगणात चकती गडगडवणारा डॉक्टर आणि शेअरबाजाराच्या पायऱ्या चढणारा व्यापारी, यांचे किती दिवस जमणार? १८९५-९६ च्या सुमारास डनलॉपने राजीनामा दिला आणि आपला बहुतेक हिस्सा विकून तो बाजूला झाला. लगेच, १८९६ साली, टेरा हूली नावाच्या सटोडियाने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि ५० लाखांच्या भांडवलाने बाजारात आणली. सायकलच्या वेडाचे ते दिवस. लोक डोळे झाकून शेअर घेत होते. दोनच वर्षांत हूलीचे दिवाळे निघाले. डू क्रोने आपले बस्तान शाबूत ठेवले आणि धंदा पुढे जगभर नेला. त्या लाखांच्या घरात डनलॉपचा वाटा जवळजवळ नव्हता. तो उपाशी मेला असे कुणी समजू नये. डब्लिनच्या चांगल्या वस्तीत त्याचे घर होते, कापडाच्या एका पेढीत हिस्सा होता. पण ज्याच्या नावावर एवढा मोठा पैसा उभा राहिला त्याच्या पदरात त्यातले काय पडले, हा हिशेब पाहून कुठलाही बँकवाला चष्मा पुसून पुन्हा पाहील.

याच काळातला दुसरा एक हिशेब कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात आला नाही. टायरसाठी रबर हवे, आणि तेव्हा मलायातल्या रबराच्या बागा नुकत्या कुठे धरत होत्या. रबर जंगलातून येई, ब्राझीलमधून आणि आफ्रिकेतल्या काँगोतून. काँगो बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी जहागीर होती. ठरलेले रबर आणले नाही तर तिथल्या माणसांना फटके, ओलीस धरलेल्या बायका, तोडलेले हात. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलातीतल्या अधिकाऱ्याने त्याचा अहवाल लिहिला आणि तो १९०४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोप हादरला. केसमेंटचा जन्म डब्लिनजवळचा. म्हणजे ज्या शहरातून हवेचे टायर विकायला बाहेर पडले, त्याच शहराच्या एका मुलाने रबराच्या उगमाशी काय चालले आहे ते जगाला सांगितले. बेलफास्टच्या अंगणात पोराला दणके बसू नयेत म्हणून चकती बनवणाऱ्या बापावर याचा दोष घालणे बरोबर नाही. तरीही टायरची गोष्ट सांगताना ही पाने गाळणे मला जमत नाही.

मोटारींना हवेचे टायर लावण्याचे धाडस फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत केले. वाटेत इतकी पंक्चरे झाली की ठरलेल्या वेळेत ते पोचलेच नाहीत, पण पोचले. डनलॉपच्या नावाचे टायर नंतर शर्यतींत पुढे आले आणि फ्रान्समधल्या ले मान्सच्या ट्रॅकवर तर त्या नावाची टायरच्या आकाराची कमान गाड्यांच्या डोक्यावर उभी राहिली. आपल्याकडे हुगळीकाठी साहागंजला १९३६ साली कंपनीचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तेव्हा देशात टायरची नावे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यात हे एक ठळक. साहागंजच्या त्या कारखान्याचे पुढे हाल झाले, मालक बदलत गेले आणि तो बंद पडला. हा सगळा व्याप डनलॉपच्या पाहण्यात आला नाही.

त्याने पाहिल्या त्या कंपनीच्या जाहिराती. त्यांत त्याचा तो लांब दाढीचा चेहरा एका उंच, उंची कपड्यांतल्या, हातात काठी मिरवणाऱ्या छानछोक्याच्या धडावर चिकटवलेला असे. साध्या राहणीच्या, थंडीला भिऊन गळपट्टा गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्याला हे फार लागले. पैशाबद्दल त्याने कधी आदळआपट केल्याचे दिसत नाही. पण आपण जे नव्हतो ते आपल्याला दाखवले जावे, याचा त्याला मनस्ताप झाला. हवेचा टायर आपल्या हातून कसा घडला याच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या होत्या. त्याच्या मागे त्याच्या मुलीने, जीन मॅक्लिंटॉकने, त्या पुस्तकरूपाने छापल्या.

१९२१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याला थंडी बाधली. जन्मभर जिची धास्ती घेतली तीच. २३ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये तो अचानक वारला आणि डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याचा पहिला सायकलचा टायर एडिंबरा येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये काही बँकांना स्वतःच्या नोटा छापण्याचा अधिकार आहे. आपल्याला हे नवलाचे वाटेल, पण तिकडे ती जुनी चाल आहे. बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर डनलॉपची छबी छापली. धडावर काठीवाला छानछोकी नाही, तो स्वतः, दाढीसकट. वीस पौंडांच्या नोटेवर ट्रॅक्टरवाला हॅरी फर्ग्युसन, ज्याचे नाव आपल्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. डिसेंबर २००४ मध्ये या बँकेच्या बेलफास्टमधल्या मुख्य कचेरीवर दरोडा पडला आणि अडीच कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली. चोरांच्या हाती लागलेला पैसा निकामी करण्यासाठी बँकेने नवा उपाय केला. दहा पौंडांपासून वरच्या आपल्या सगळ्या नोटा तिने २००५ साली माघारी बोलावल्या आणि वेगळ्या रंगात नव्या छापल्या. डनलॉपचे नाव असलेला कागद दुसऱ्यांदा रद्द झाला होता. या खेपेला मात्र नव्या कागदावरही त्याचाच चेहरा राहिला, आणि बँकेचे नाव बदलून डान्स्के झाल्यावरही तो दहाच्या नोटेवरून हललेला नाही.